सळईबाबा आणि घरचा वाफा

"आलं! आलं बघा वर!" असा एकच गलका उठला आणि मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावर हात टाकून टाचा उंचावल्या. भाजी पिकवणाऱ्यांच्या संघाच्या गोदामात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. रिकाम्या क्रेटवर बायका बसल्या होत्या, पोरं वजनकाट्यावर चढली होती. मधोमध टेबल. टेबलावर काचेचं भांडं, भांड्यात पांढऱ्या पावडरीची चिमूट टाकलेलं स्वच्छ पाणी, पाण्यात पातळ फडक्यात बांधलेली मातीची पुरचुंडी आणि दोन बाजूंना दोन काळ्या सळया. सळयांच्या वायरी एका पत्र्याच्या पेटीत गेल्या होत्या आणि पेटीमागे परीटघडीचा पांढरा सदरा घालून बाबा उभे होते.

पाणी आधी हिरवट झालं, मग तपकिरी. मग वर फेस आला आणि फेसाखाली काळपट गाळ जमायला लागला.

"बघा!" बाबा गरजले. "हे रोज तुमच्या ताटात जात होतं. जस्त! शिसं! पारा! युरेनियम!"

युरेनियम ऐकून एक म्हातारी मटकन खाली बसली. ते यानं कुठून आणलं कोण जाणे! टाळ्या आणखी जोरात पडल्या असत्या तर दोन-चार धातू वाढले असते, एवढं नक्की.

मग शुद्धी. बाबांनी पुरचुंडी बाहेर काढून दोन्ही तळव्यांत धरली, डोळे मिटले आणि नाकातून गुणगुणायला सुरुवात केली. तीन मिनिटं. सळया तोवर मखमली फडक्यात "विसावा घेत" होत्या. त्याही दमतात म्हणे. मग नवं भांडं, नवं पाणी, पांढऱ्या "जागृती पावडरी"ची तीच चिमूट, तीच पुरचुंडी आणि फडक्यातून काढलेल्या सळया. पेटीचं बटण दाबलं. पाणी स्वच्छ! नुसते बारीक बुडबुडे.

"हे बुडबुडे म्हणजे काय?" बाबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "माती श्वास घेतेय!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. पहिली टाळी माझ्या दादानं वाजवली होती. माझा सख्खा थोरला भाऊ, संघाचा अध्यक्ष.

"आता अफवा बंद," दादा खुर्चीवर चढून म्हणाला. "विष होतं, बाबांनी काढलं, विषय संपला. प्रत्येक मळ्याची माती शुद्ध करून घ्यायची आणि फाटकावर 'शुद्ध माती'ची पाटी लावायची. कळलं ना?"

मी मागे भिंतीला टेकून उभी होते. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दादानं लांबूनच माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. मी गप्प बसले. दादासाठी मी आयुष्यात पुष्कळदा गप्प बसले आहे. त्या दिवशी बसायला नको होतं.

अफवा कसल्या होत्या ते सांगते. आमचे मळे एका लांबलचक भिंतीला लागून आहेत. भिंतीपलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून शिसं काढायची भट्टी होती. आता तिला कुलूप आहे, पण तीस वर्षं ती धडधडत होती. तिची राख फुकट मिळायची. राखेनं कीड लागत नाही, माती भुसभुशीत होते, हे आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. चुलीच्या लाकडाच्या राखेबाबत त्यात तथ्य असेलही. राख ती राख, असं म्हणून आम्ही भट्टीची राख ओढून आणली. मी स्वतः फ्रॉकात असताना घमेल्यानं वाहिली आहे.

आणि ती टाकली कुठे? विकायच्या मालावर नाही. त्याला औषध मारायचो, राख कोण टाकत बसतंय! राख टाकली घरच्या वाफ्यात. प्रत्येक मळ्यात एक घरचा वाफा असतो. भिंतीलगत, नळाजवळ, सावलीचा. त्यावर फवारणीचा थेंब पडू द्यायचा नाही, कारण ते आपल्या पोरांनी खायचं. पालक तिथला, मुळा तिथला, गाजरं तिथली. लोकांना औषधाचं, आपल्याला निर्मळ! ही हुशारी आमची. गिऱ्हाइकाला जे द्यायला लाज वाटली नाही त्यापासून आम्ही पोरं जपली, आणि पोरांच्या पोटात भट्टी घातली.

तेव्हा मात्र यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पोरं आजारी पडतायत, मातीत काहीतरी आहे म्हणे, एवढंच कानावर होतं. पोटदुखी, चिडचिड, पांढरीफटक तोंडं. आणि त्या पोरांत माझी टिल्ली होती.

टिल्ली सहा वर्षांची. तिचा बाप नोकरीसाठी परगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. पाच वर्षांची असताना ती दुकानांच्या पाट्या वाचत रस्त्यानं चालायची. तिला ओढत न्यावं लागायचं. या वर्षी तिचं वाचन अडखळायला लागलं. 'घर' वाचायची, 'घरात' आलं की थांबायची. माझ्याकडे बघायची. मी शिक्षिका ना! मी ओरडले. "लक्ष कुठेय तुझं?" म्हणून एकदा पाठीत धपाटा घातला. तो धपाटा आता माझ्या छातीवर बसला आहे, हलत नाही.

बाबांच्या प्रयोगानंतर दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं. टिल्लीचं रक्त त्यांनी मोठ्या शहरात तपासायला पाठवलं होतं. दार लावून घेतलं, कागद माझ्यापुढे सरकवला.

"बाई, हिच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे."

"कुठून येणार शिसं?"

"खाते काय ही?"

"घरचंच खाते हो! बाहेरचं तोंडाला लावू देत नाही मी. दादा दर रविवारी टोपलीभर भाजी पाठवतो, घरच्या वाफ्यातली. औषधाचा थेंब नाही त्यावर."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "घरच्या वाफ्यातली? पण मग तपासणीत कसं काही निघालं नाही?"

"कसली तपासणी?"

"मातीची. चार महिन्यांपूर्वी अशीच दोन पोरं आली होती. मी संघाला पत्र लिहिलं, सगळ्यांच्या वाफ्यांची माती तपासून घ्या म्हणून. तुमच्या दादांनी नमुने पाठवले. अहवाल आला, माती चांगली आहे, असं त्यांनीच मला सांगितलं. तुम्हाला ठाऊक नाही?"

माती चांगली आहे, हे अहवाल वाचून सांगणारा दादा. आणि मातीतलं विष काढायला बाबा आणणारा दादाच. दोन्ही कसं खरं असेल? तिसरीतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. मी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"बाई, पाणी देऊ?"

"नको," मी म्हटलं. "हे बरं होईल ना?"

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. "ती भाजी आजपासून बंद करा. शिसं हळूहळू उतरेल, औषधं देऊ. पोटदुखी थांबेल, रंग येईल. डोक्याचं जे नुकसान झालं असेल ते किती भरून येईल, हे मी आज सांगू शकत नाही."

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी कामाला आहे. तिला फोन केला. तासाभरात अहवालाचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. सोबत पोच-वहीच्या पानाचाही. अहवाल तीन महिन्यांपूर्वी समक्ष नेलेला. खाली दादाची सही, तीच, शेपूट वर वळवलेली. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडील घरी नसले की तो करायचा ती.

अहवालात सतरा वाफे होते. सतराच्या सतरांत शिसं, चालतं त्याच्या कितीतरी पट.

त्याच दुपारी शाळा सुटल्यावर मी तिथल्या प्रयोगशाळेला आतून कडी लावली. काचेचं भांडं घेतलं, नळाचं पाणी, चिमूटभर मीठ, दोन लोखंडी खिळे आणि स्कूटरची बॅटरी. माती घातलीच नाही. वायरी जोडल्या. पाणी आधी हिरवट झालं, मग तपकिरी, मग फेस आणि खाली गाळ. मी हसले आणि मग तिथेच बाकावर बसून हुंदके देऊन रडले. त्या गाळात शिसं नव्हतं, पारा नव्हता. खिळा झिजत होता आणि त्याचा गंज पाण्यात उतरत होता, बस्स.

एक गाठ मात्र सुटली नाही. दुसऱ्या वेळी पाणी स्वच्छ राहतं ते कसं?

रविवारी सकाळी बाबांचा दुसरा कार्यक्रम होता. गोदाम पुन्हा भरलं. मी या वेळी पहिल्या रांगेत बसले. डॉक्टरही आल्या होत्या. दादा माझ्याकडे बघून हसला, कारण त्याला वाटलं मी शुद्धीवर आले.

बाबांनी बाह्या सावरल्या. "कुणाच्या मळ्याची माती घ्यायची?"

"कुणाचीच नको," मी उठून म्हटलं. "मातीशिवाय दाखवा."

"ताई, मातीशिवाय विष कुठून येणार?"

"तेच बघायचंय मला. नुसतं पाणी. हे घ्या, डॉक्टरांच्या बाटलीतलं, प्यायचं. तुमची ती जागृती का काय, तिची चिमूट टाका आणि बटण दाबा."

"शंकेखोर माणसाजवळ लहरी काम करत नाहीत," बाबांनी डोळे मिटले.

"मग मी बाहेर जाते, तुम्ही दाबा!"

मागून हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "दाबा की बाबा, होऊन जाऊ द्या!" दादा पुढे आला. "अगं, तमाशा करू नकोस. बस खाली."

मी बसले नाही. बाटली भांड्यात ओतली, डबीतली पावडर टाकली, सळया बुडवल्या आणि पेटीचं बटण मीच दाबलं. पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, मग काळपट गाळ. डॉक्टरांच्या प्यायच्या पाण्यातून!

"आता सांगा," मी म्हटलं, "डॉक्टर बाटलीत युरेनियम घेऊन फिरतात का?"

"तुमच्या हातून लहर उलटी गेली!" बाबांचा आवाज चिरकला.

"लहर नाही, लोखंड. पाण्यात तुमच्या पावडरीसारखं मीठ असलं आणि लोखंडाच्या सळईत वीज सोडली की सळई झिजते, गंज सुटतो. माती असो नसो. शाळेत येऊन बसा, आठवीच्या वर्गात दाखवते."

"मग शुद्धीनंतर का नाही सुटत?" मागून एका भाजीवाल्यानं विचारलं. त्यानं परवाच फाटकावर पाटी लावली होती. प्रश्न रास्त होता. शुद्धीच्या वेळी सळया जायच्या कुठे? फडक्यात. मी टेबलावरचं मखमली फडकं ओढलं. बाबांनी झडप घालून दुसरं टोक धरलं. ओढाताणीत फडकं उलगडलं आणि दोन सळया टणकन फरशीवर पडल्या. एक अखंड राहिली, दुसरीचे तीन तुकडे झाले.

नुसतं पडून लोखंडाचे तुकडे झालेले कधी कुणी पाहिलेत?

मी एक तुकडा उचलला. हलका होता, बोटं काळी झाली. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीपाशी गेले आणि त्या तुकड्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: कोळसा. तुकडा खडूसारखा झरझर उमटला.

"ही कार्बनची कांडी आहे. टॉर्चच्या मोठ्या सेलच्या पोटात असते. हिच्यात वीज सोडली तरी गंज सुटत नाही, नुसते बुडबुडे येतात. पहिली जोडी लोखंडाची, दुसरी कोळशाची. गुणगुणायचं, तुम्ही डोळे मिटायचे आणि फडक्यातल्या फडक्यात जोडी बदलायची. आली शुद्धी!"

गोदामात असा काही गोंधळ उडाला की विचारू नका. बाबा "ऊर्जेचा अपमान, ऊर्जेचा अपमान" करत पेटी कवटाळून मागच्या दाराकडे सरकले. दोघा-तिघांनी त्यांना धरून क्रेटवर बसवलं. कुणी हात उगारला. मी म्हटलं, "मारू नका. पोलिसांना बोलवा. मारलंत तर तोच उद्या बिचारा ठरेल."

मग तो पाटीवाला हळूच म्हणाला, "म्हणजे बाई, आमच्या मातीत विषच नाही! सगळं खोटं! सुटलो बुवा."

सगळे हसायला लागले. सुटल्याचं हसू होतं ते. मला ते बघवेना.

"थांबा," मी म्हटलं. "त्यानं दाखवलेलं विष खोटं होतं. खरं विष दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुऊन जात नाही, शिजवून जात नाही. ते आपल्या घरच्या वाफ्यांत आहे, सतराच्या सतरा. भट्टीच्या राखेतून आलंय. हा अहवाल. तीन महिन्यांपूर्वीचा."

मी मोबाईल डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी एकेक वाफा वाचला. प्रत्येक आकड्यासरशी गोदामातलं एकेक घर गप्प होत गेलं. एका बाईनं मांडीवरच्या पोराला घट्ट आवळलं.

"हा कुणाकडे होता?" पाटीवाल्यानं विचारलं.

मी वळून बघितलं. दादाची खुर्ची रिकामी होती.

त्याच्या घराचं मागचं दार नेहमी उघडं असतं. मी थेट स्वयंपाकघरात गेले. दादा पाटावर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. वहिनी ओट्याशी पाठ करून उभी.

"बोल," मी म्हटलं.

"काय बोलू? सतरा घरं आहेत. हे बाहेर कळलं असतं तर एक जुडी कुणी घेतली नसती. वाफा घरचा की विकायचा, कोण विचारतं? सगळा मळाच बदनाम. मी विचार केला, बाबा आणू, लोक शांत होतील. आणि खरं सांगू का, ते पाणी स्वच्छ झालं तेव्हा मलाही वाटलं, असेल काहीतरी त्याच्यात. माझाही विश्वास बसला होता गं. मीही फसलो."

क्षणभर मला त्याची कीव आली. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणारा तो, फसलेला, दमलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवणारसुद्धा होते. तेवढ्यात ओट्यावर नजर गेली. पालकाची जुडी होती, निवडायला काढलेली. तिला लाल रबर होतं.

घरच्या वाफ्यातल्या जुडीला आम्ही रबर लावत नाही. देठांचीच गाठ मारतो. रबर असतं बाजारच्या जुडीला.

"वहिनी," मी विचारलं, "ही भाजी कुठली?"

वहिनीनं मान वळवली नाही. खांदे तेवढे हलले.

"वहिनी, मी तुम्हाला विचारतेय. कधीपासून आणता बाजारची?"

"ताई, मी सांगितलं होतं ह्यांना," ती रडतच म्हणाली. "अहवाल आला त्या दिवसापासून. आपल्या पोराला नको म्हणाले. मी म्हटलं, निदान ताईंची टोपली तरी थांबवा. तर म्हणाले, थांबवली की ती विचारेल."

तीन महिने. बारा-तेरा रविवार. हा माणूस वाफ्यात वाकायचा, पालक खुडायचा, देठांची गाठ मारायचा आणि टोपली माझ्या दारात ठेवून टिल्लीच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचा, "खा भरपूर, मोठी हो." केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि कापणाऱ्याचा हात माझ्या ओळखीचा होता.

"दादा, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

"हो," मी म्हटलं. "सांगितलंच असतं!"

मी निघाले. दारात वहिनीनं हात धरायचा प्रयत्न केला, तो मी सोडवून घेतला. तिच्याबद्दलही माझं मन आजवर साफ झालेलं नाही.

पुढचं थोडक्यात. बाबांविरुद्ध तक्रार झाली. दादाला संघानं काढलं. सतरा वाफे बंद झाले. माती उचलून कुठे टाकायची, हे ठरवायला सरकारी माणसं येऊन मापं घेऊन जातात. उरलेल्या मळ्याची माती आणि माल तपासून घेतला. भिंतीपासून दूरचे पट्टे ठीक निघाले, आणि अहवालाची प्रत हातात धरून आमची माणसं बाजारात उभी राहिली. पहिले काही आठवडे हाल झाले, खोटं कशाला बोलू. पण एकेक गिऱ्हाईक परत आलं. सगळं उघड सांगून जे जमलं ते दादाला झाकूनच जमेल असं वाटलं होतं.

टिल्लीची पोटदुखी थांबलीय. गाल भरलेत. रक्तातलं शिसं उतरतंय. वाचताना ती अजून थांबते आणि माझ्याकडे बघते. आता मी ओरडत नाही. बोट धरून थांबते, कितीही वेळ लागो. तिचं जे गेलं ते किती परत येईल, ते मला ठाऊक नाही आणि कुणी गुणगुणून सांगू शकणार नाही.

लोक मला विचारतात, बाबापेक्षा तुझा राग भावावरच जास्त का? अहो, बाबा परका होता. त्याला माझ्या मुलीचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगते. तुमचा मळा, परसबाग कारखान्याजवळ, भट्टीजवळ, जुन्या भंगाराजवळ असेल तर माती प्रयोगशाळेत तपासून घ्या. पोरगं विसरायला लागलं, पोट धरून बसायला लागलं तर धपाटा घालू नका, रक्त तपासा. आणि कुणी विष काढलं म्हणाला तर भांड्यातलं पाणी बघू नका, अहवाल मागा, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. परक्याला विचारायला आपण कचरत नाही. विचारायला जड जातं ते आपल्या माणसाला. मी विचारलं नाही. तुम्ही त्यालाच आधी विचारा.